'त्याला पचते' म्हणजे नक्की काय होतं?

हा या आठवड्याच्या भागाचा लेखी मजकूर. माझे 'अं… म्हणजे' आणि मागून ऐकू येणारे लोकलचे हॉर्न काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

आजची सुरुवात एका हिरव्या टिकपासून.

मध्यंतरी मी एका सेलमध्ये डीएनए टेस्टचं किट मागवलं. गरज काही नव्हती, इंजिनिअर माणसाला स्वतःचा सोर्स कोड बघायची खाज असते, तेवढंच. ट्यूबमध्ये थुंकायचं, कुरिअरला द्यायचं आणि मग कधीतरी पीडीएफ येते. माझी आली तेव्हा मी ठाणे स्टेशनवर डोंबिवलीची गाडी पकडायला उभा होतो. तिथेच स्क्रोल करत गेलो. दूध पचतं का, कॉफी प्यायल्यावर झोप उडते का, असलं बरंच काय काय होतं. मग एक ओळ आली: 'दारू प्यायल्यावर चेहरा लाल होण्याची शक्यता: कमी.' पुढे हिरवी टिक.

स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकला. गटारी तोंडावर आलेली, त्यामुळे काय उत्तरं आली असतील ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. 'भावा, सर्टिफाइड!' 'याला पचते, आता सायन्सनेच सांगितलं.' मीही हसलो, दोन स्टिकर टाकले आणि गाडीत घुसलो.

त्या रविवारी कल्याणला मामाकडे गेलो होतो. गंमत म्हणून त्यालाही दाखवलं. मामाचं बोलणं आता चटकन कळत नाही, त्यामुळे तो मोबाइलवर टाइप करून दाखवतो. त्याने तो स्क्रीनशॉट बराच वेळ पाहिला आणि टाइप केलं: 'मलाही पचायची.'

आजचा भाग या दोन शब्दांमुळे आहे. मामाला विचारूनच करतोय.

मामा रेल्वेत होता. रोज रात्री एक क्वार्टर आणि दिवसभर तंबाखू-चुना. पण लोक 'दारुडा' म्हणतात तसा तो कधीच नव्हता. झोकांडी नाही, शिवीगाळ नाही, सकाळी ड्युटीवर वेळेत. आजी तर जवळजवळ कौतुकाने सांगायची, "आमच्या पोराला पचते." आमचे एक काका होते, ते दोन पेगमध्ये लाल डोळे करून रडायला लागायचे. त्यांना 'पचत नाही'. म्हणजे आमच्या घराच्या हिशोबात धोका होता तो काकांना. २०१९ मध्ये मामाच्या डाव्या गालाला आतून कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, मामा वाचला. पण तोंड जेमतेम एक बोट उघडतं. काका ठणठणीत आहेत.

आता एका घरातल्या दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही, एवढं मलाही कळतं. पण तो 'पचते' शब्द माझ्या डोक्यातून जाईना. पचते म्हणजे काय होतं? आणि माझी ती हिरवी टिक नक्की कशाची होती?

तर बघा, आपण जेव्हा म्हणतो 'त्याला दारू पचते', तेव्हा आपल्याला एवढंच म्हणायचं असतं की माणूस पडला नाही. पण शरीरात गेलेल्या अल्कोहोलचं खरोखर काहीतरी होतं, आणि ते दोन टप्प्यांत होतं. पहिल्या टप्प्यात एडीएच नावाचं एन्झाइम अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं. दुसऱ्या टप्प्यात एएलडीएच-२ नावाचं एन्झाइम त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अ‍ॅसिटेट करतं. यातलं बहुतेक काम लिव्हरमध्ये चालतं. अ‍ॅसिटेट म्हणजे व्हिनेगरच्या घरातलाच पदार्थ, शरीर तो आरामात वापरून टाकतं. गोची आहे ती मधल्या पदार्थाची.

अ‍ॅसिटाल्डिहाइड हा साधारण २० अंशांना उकळणारा, उग्र वासाचा पदार्थ आहे. (डोंबिवलीकरांना एमआयडीसीमुळे उग्र वासाचं काही वाटत नाही, तो भाग वेगळा.) तो आपल्या डीएनएला चिकटतो. कधी कधी डीएनएचे दोन धागे एकमेकांना डकवून टाकतो, मग पेशीला ते सोडवून परत जोडावे लागतात आणि जोडताना चुका होतात. अशा चुका साठत गेल्या की त्यातली एखादी कॅन्सरची सुरुवात ठरू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने दारूला 'माणसात कॅन्सर करणारी' या पहिल्या गटात १९८८ मध्येच टाकलं. २००९ मध्ये त्यांनी दारूतून तयार होणाऱ्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचंही वेगळं नाव त्याच गटात घातलं. तंबाखू त्याच गटात आहे. यादी मोठी आहे: तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, लिव्हर, मोठं आतडं आणि बायकांमध्ये स्तनांचा कॅन्सर.

आता डोळ्यांसमोर संध्याकाळी सातचं डोंबिवली स्टेशन आणा. फास्ट गाडी येते आणि प्लॅटफॉर्मवर माणसं ओतते. पूल त्यांना बाहेर काढतो. गाडी म्हणजे एडीएच, पूल म्हणजे एएलडीएच-२, आणि प्लॅटफॉर्मवरची गर्दी म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड. पूल धडधाकट असेल तर गर्दी दोन मिनिटांत विरते. पूल अर्धा बंद असेल आणि गाड्या मात्र वेळापत्रकाप्रमाणे येत राहिल्या, तर काय होतं ते मी तुम्हाला सांगायची गरज नाही, तुम्ही बहुतेक आत्ता तिथेच उभे राहून हे ऐकताय.

गाड्या किती जोरात येणार आणि पूल किती रुंद असणार, हे बऱ्याच अंशी आई-वडिलांकडून येतं.

मला पूल बंद असलेला माणूस पहिल्यांदा ऑफिसच्या जेवणात दिसला. जपानच्या क्लायंटकडून एक इंजिनिअर आला होता, माझ्याच वयाचा. ठाण्यात एका ठिकाणी जेवायला गेलो. अर्धा ग्लास बिअर झाली नाही तोच त्याचा चेहरा, कान, मान टोमॅटोसारखी लाल. आमच्या टीममधला एक जण हळूच मराठीत म्हणाला, "गेला हा, याला पचत नाही." तो पाहुणा हसला, ग्लास बाजूला सरकवला आणि पाणी मागवलं. त्याच्या वडिलांनाही असंच होतं म्हणाला.

त्याच्या एएलडीएच-२ च्या जीनमध्ये एका अक्षराचा फरक असणार. एवढ्या मोठ्या कोडबेसमध्ये एक कॅरॅक्टर. त्यामुळे प्रोटीनमधला एक अमिनो आम्लाचा मणी बदलतो आणि एन्झाइम जवळपास बंद पडतं. चीन, जपान, कोरिया, तैवान या भागांत हा बदल भरपूर आढळतो. २००९ चा एक अंदाज होता की जगात साधारण ५४ कोटी, म्हणजे ८ टक्के माणसांकडे तो आहे.

इथे एक गोष्ट मला इंजिनिअर म्हणून फार आवडली, थोडं थांबून सांगतो. प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईची, एक वडिलांची. एक प्रत बिघडलेली असेल तर वाटतं की काम निम्मं होईल. पण हे एन्झाइम एकट्याने काम करत नाही. चार तुकडे एकत्र येऊन त्याचं एक यंत्र बनतं. निम्मे तुकडे खराब असतील, आणि ते कसेही एकत्र येत असतील, तर चारही तुकडे चांगले असण्याची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा, असं चार वेळा. १६ मध्ये १. खराब तुकडा शेजारच्या चांगल्या तुकड्यांनाही बिघडवतो. प्रत्यक्षात अगदी १६ मध्ये १ इतकी वाईट अवस्था नसते, पण क्षमता निम्म्यापेक्षा बरीच खाली जाते. एका टीममध्ये एकच माणूस बिल्ड तोडत राहिला तर काय होतं, तसंच.

हाच बिघाड गोळीने मुद्दाम करता येतो. 'दारू सोडवायची गोळी' ऐकली असेल तुम्ही. डायसल्फिराम. ती एएलडीएच अडवते, म्हणजे पूलच बंद करते. मग प्यायलं की चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या. रबराच्या कारखान्यातले कामगार हे रसायन हाताळायचे आणि त्यांना दारू सोसेनाशी व्हायची, तिथून ते लक्षात आलं. १९४० च्या दशकात डेन्मार्कमधल्या संशोधकांनी त्याचं औषध केलं. एक कळकळीची विनंती: ही गोळी माणसाच्या नकळत भाजीत घालून देऊ नका. आपल्याकडे हे सर्रास चालतं आणि त्यात जीव जाऊ शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, त्या माणसाला सांगूनच द्यायची असते.

तर, पूल बंद असलेल्यांना कॅन्सर जास्त होत असेल, असं तुम्ही म्हणाल. इथे खरी गंमत आहे. ज्यांच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत त्यांना दारूच्या कॅन्सरचा धोका सहसा कमी असतो. कारण सोपं आहे, त्यांना पिताच येत नाही. एका घोटात एवढा त्रास होतो की ते वाटेलाच जात नाहीत. सगळ्यात वाईट अवस्था एक प्रत बिघडलेल्यांची, आणि त्यातही जे त्रास सहन करून प्यायला शिकतात त्यांची. चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, पण बॉस भरतोय, मित्र चिडवतायत, म्हणून ते पीत राहतात. काही वर्षांनी त्रास जाणवायचा कमी होतो, पण अ‍ॅसिटाल्डिहाइड साठायचं थांबत नाही. या लोकांमध्ये अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका कित्येक पटींनी वाढलेला दिसतो.

जपानमधला एक आकडा मी दोनदा तपासला, कारण खरा वाटेना. दारूच्या व्यसनासाठी उपचार घेणाऱ्यांमध्ये एक प्रत बिघडलेले लोक १९७९ मध्ये २.५ टक्के होते. १९८६ मध्ये ८ टक्के झाले. १९९२ मध्ये १३ टक्के. तेरा वर्षांत देशाचे जीन बदलत नाहीत. बदललं ते भोवतालचं वातावरण, म्हणजे दारूची उपलब्धता आणि पिण्याचा रिवाज. शरीर 'नको' म्हणत असताना माणसं प्यायला शिकली. आपल्या ऑफिसच्या पार्टीत 'एकाने काय होतंय रे' म्हणणाऱ्याला हे ऐकवायला हरकत नाही.

२०१८ मध्ये केंब्रिजमध्ये केतन पटेल यांच्या गटाने उंदरांवर हे थेट बघितलं. रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींमध्ये अल्कोहोलमुळे डीएनए कसा तुटतो, ते त्यांनी मोजलं. ज्या उंदरांमध्ये हे एएलडीएच-२ नव्हतं, त्यांच्यात नुकसान चौपट होतं.

पण मला सगळ्यात पटलेला पुरावा चीनचा आहे. तिथे दीड लाख लोकांचे जीन आणि त्यांच्या आजारांची वर्षानुवर्षांची नोंद ताडून पाहिली, २०२२ मध्ये तो अभ्यास छापून आला. तिथले पुरुष बऱ्यापैकी पितात, बायका जवळपास पीतच नाहीत. जीन मात्र दोघांमध्ये सारखेच. पुरुषांमध्ये, दारू न झेपणारे जीन असलेल्यांना दारूशी संबंधित कॅन्सर एकूण कमी झाले, कारण ते कमी पितात. आणि त्यातले जे तरीही नियमित पीत होते, त्यांना घसा-अन्ननलिकेचे कॅन्सर जास्त. बायकांमध्ये? त्या जीनचा कॅन्सरशी काही संबंधच दिसला नाही. म्हणजे जीन स्वतः कॅन्सर करत नाही. तो दारूमार्फतच काम करतो. कोडमध्ये एक बग आहे, पण ते फंक्शन कोणी कॉलच केलं नाही, तर तो बग नसल्यासारखाच. आमच्या भाषेत याला कंट्रोल ग्रुप फुकटात मिळाला असं म्हणता येईल.

आता आपल्याकडे या.

हा चेहरा लाल करणारा बदल ईशान्य भारतातल्या काही समाजांत सापडतो, पण बाकीच्या भारतात तो जवळपास नाहीच. म्हणजे मला मिळालेली हिरवी टिक ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या बहुतेक सगळ्यांना मिळेल. अशा टेस्टला आम्ही ऑफिसमध्ये निरुपयोगी टेस्ट म्हणतो, जी कुठल्याही कोडवर पासच होते.

आणि पहिल्या टप्प्याचं, म्हणजे गाडीचं काय? एडीएचचा एक वेगवान प्रकार असतो. तो पूर्व आशियात भरपूर, भारतात बहुतेक समाजांत कमी. आपल्यातल्या बऱ्याच जणांकडे संथ प्रकार आहे. संथ म्हणजे अल्कोहोल हळूहळू बदलणार, अ‍ॅसिटाल्डिहाइडचा एकदम झटका बसणार नाही, त्रास कमी वाटणार. ऐकायला बरं वाटतं. पण २००८ मध्ये युरोप आणि लॅटिन अमेरिकेतल्या हजारो लोकांवर झालेल्या अभ्यासात उलटं दिसलं. वेगवान प्रकार असलेल्यांना तोंड-घशाचे कॅन्सर कमी. संथवाले जास्त पिऊ शकतात हे एक कारण. आणि त्यांच्या रक्तात, थुंकीत अल्कोहोल जास्त वेळ रेंगाळतं हे दुसरं.

थुंकी इथे महत्त्वाची आहे. आपण सगळं लिव्हर-लिव्हर करतो, पण दारूची पहिली गाठ पडते ती तोंडाशी. तोंडातल्या बॅक्टेरियांकडेही एडीएच असतं, ते तिथल्या तिथे अल्कोहोलचं अ‍ॅसिटाल्डिहाइड करून टाकतात. पुढचा पूल मात्र तोंडात फारच अरुंद. त्यामुळे प्यायल्यावर थुंकीतलं अ‍ॅसिटाल्डिहाइड रक्तातल्यापेक्षा कित्येक पट जास्त असतं. लिव्हरचं एन्झाइम कितीही उत्तम असो, गालाच्या आतल्या कातडीला त्याचा फारसा उपयोग नाही. सिगरेट ओढणाऱ्यांच्या, तोंडाची निगा न राखणाऱ्यांच्या थुंकीत ते आणखी वाढतं.

म्हणजे 'आपल्याला पचते' याचा अर्थ काय निघाला? आपल्याकडे प्यायला नको म्हणून आतून ओरडणारा अलार्म नाही. जपानी पाहुण्याला अर्ध्या ग्लासात जे कळलं, ते मामाला २५ वर्षं रोज क्वार्टर पिऊनही कळलं नाही. अलार्म नसणं म्हणजे पचणं, असं आम्ही घरभर समजत होतो.

आणि हे नुसतं तर्काने म्हणत नाहीये. डिसेंबर २०२५ मध्ये 'बीएमजे ग्लोबल हेल्थ'मध्ये टाटा मेमोरियलच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. परळचं टाटा आपल्याला माहीत असतं, पण त्यांचं संशोधनाचं मोठं केंद्र खारघरला आहे. त्यांनी गालाच्या आतल्या कॅन्सरचे १,८०३ पुरुष रुग्ण आणि तो कॅन्सर नसलेले १,९०३ पुरुष यांची तुलना केली. २०१० ते २०२१ एवढी वर्षं माहिती गोळा होत होती. न पिणाऱ्यांच्या तुलनेत पिणाऱ्यांचा धोका ६८ टक्क्यांनी जास्त. गावठी, हातभट्टीची पिणाऱ्यांचा ८७ टक्क्यांनी. आणि दिवसाला सरासरी ९ ग्रॅम अल्कोहोल, एवढ्यावरही धोका साधारण दीडपट.

९ ग्रॅम म्हणजे किती? चला, हिशोब करू. व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलीच्या एका पेगमध्ये अल्कोहोल १० ग्रॅमच्या आसपास. म्हणजे रोज एक छोटा पेग झाला की आपण ९ च्या वर. १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम. ६५० मिलीच्या ८ टक्केवाल्या स्ट्राँग बिअरमध्ये ४१. आता ६१ ला ७ ने भागा. ८.७. म्हणजे 'मी काय रोज पितो का, शनिवारी एक क्वार्टर' म्हणणाऱ्याची सरासरीही तिथेच येऊन टेकते. सरासरी ही फसवी गोष्ट आहे, रोज थोडी आणि एका रात्री सगळी हे शरीराला सारखं नसतं. पण 'वीकेंडलाच' या शब्दात आपल्याला जेवढं सुरक्षित वाटतं तेवढं ते नाही.

आकड्यांबद्दल एक सावधगिरी. दीडपट धोका म्हणजे दर दोघांत एकाला कॅन्सर, असं अजिबात नाही. तुमचा मुळातला धोका जेवढा, त्याच्या दीडपट. जो तंबाखू खात नाही, त्याचा मुळातला धोका लहान, त्याची दीडपटही लहानच. जो तंबाखू, मावा, गुटखा खातो (गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, आणि तरी तो कुठे मिळतो ते स्टेशनबाहेर सगळ्यांना माहीत आहे), त्याचा मुळातला धोकाच मोठा. त्यावर दारू चढली की दोन्ही नुसते एकात एक मिसळत नाहीत, एकमेकांना वाढवतात. दारू गालाच्या आतलं अस्तर सैल करते, तंबाखूतल्या कॅन्सर करणाऱ्या द्रव्यांना आत शिरायला वाट करून देते. आणि तंबाखूची गोळी आपण ठेवतो कुठे? तिथेच, गालात. मामाची डाव्या गालात असायची.

याच अभ्यासाचा अंदाज आहे की भारतातल्या गालाच्या कॅन्सरपैकी दर १० मध्ये १ पेक्षा जास्त रुग्ण दारूच्या खात्यावर जातात. आपण आजवर सगळं तंबाखूच्याच नावावर टाकत होतो. आमच्या घरीही 'तंबाखूने झालं' असंच म्हणतात. क्वार्टरचं नाव कोणी घेत नाही, कारण ती त्याला पचायची.

जीनचं काही देणंघेणं नाही असंही नाही. टाटाच्याच दुसऱ्या एका कामात दिसलं की तंबाखू खाणाऱ्यांमध्ये ज्यांचा एकूण आनुवंशिक धोका जास्त, त्यांना हा कॅन्सर साधारण १० वर्षं आधी गाठतो. पण तो धोका एका अक्षराचा नाही, डीएनएवर विखुरलेल्या बऱ्याच जागांचा मिळून आहे. माझ्या पीडीएफमधल्या त्या एका ओळीत त्याचा मागमूस नव्हता. त्या ओळीने एकच प्रश्न विचारला होता, चेहरा लाल होईल का. उत्तर बरोबरच होतं. मी आणि माझ्या ग्रुपने ते भलत्याच प्रश्नाला चिकटवलं.

मला विचाराल की तू सोडलीस का? पूर्ण नाही. वर्षातून मोजून दोन-तीनदा होते आणि ती होताना आता ग्रॅम मोजले जातात, त्यामुळे मजा जरा कमीच येते. गटारीला मी मटण-वड्यांसाठी जाणार आहे. ज्यांना चेहरा लाल होतो, किंवा ज्यांचे ईशान्येकडचे मित्र-मैत्रिणी, रूममेट लाल होतात, त्यांना मात्र प्लीज आग्रह करू नका. 'सवय होईल' म्हणूनही नको. ती सवय कुठे नेते ते वर सांगितलं.

शेवटचं, आणि हे मामाने सांगायला लावलंय. ऑपरेशनच्या आधी जवळजवळ चार महिने त्याला तिखट झोंबत होतं. घरात सगळे म्हणाले, उष्णता झालीय. तो दहीभातावर आला आणि आईने त्याला रोज चमचाभर गुलकंद दिला. गालात पांढरट चट्टा होता, तो कोणी बघितलाच नाही, कारण मोठ्या माणसाच्या तोंडात कोण बघतं. तर दात घासताना मोबाइलचा टॉर्च लावून गालाच्या आत, जिभेच्या खाली, हिरड्यांजवळ बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन-तीन आठवडे झाले तरी न भरणारी जखम, तिखट न सोसणं, किंवा तोंडात तीन बोटं उभी आत न जाणं. यातलं काहीही असेल तर डेंटिस्टकडे जा. साधा गल्लीतला डेंटिस्टही हे ओळखतो आणि पुढे पाठवतो. तपासायला पाच मिनिटं लागतात. घरातल्या तंबाखू खाणाऱ्या काका-मामांना सोबत घेऊन जा, ते एकटे जाणार नाहीत.

हे रेकॉर्डिंग पाठवल्यावर मामाने ऐकलं. पंचवीस मिनिटांनी मेसेज आला: 'गुलकंदाचं सांगितलंस, बरं केलंस. आईला नको ऐकवू.'

त्यामुळे आई, तू हे वाचत असशील तर ती तुझी चूक नव्हती. भेटू पुढच्या भागात.